वारेची भिंत

विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत गर्भाविषयी वैद्यकशास्त्राची एक पक्की समजूत होती : आईच्या शरीरात कितीही उलथापालथ झाली तरी वारेपलीकडचा गर्भ सुरक्षित राहतो. वार हा गर्भाशयाच्या अस्तरात रुजलेला आणि नाळेने गर्भाशी जोडलेला अवयव आईच्या रक्तातील प्राणवायू व पोषण गर्भाकडे पोहोचवतो आणि गर्भाच्या शरीरातील टाकाऊ द्रव्ये आईच्या रक्तात सोडतो. हे सारे चालू असताना दोघांचे रक्त मात्र एकमेकांत मिसळत नाही, कारण मध्ये पेशींचा एक पातळ पडदा कायम असतो. या पडद्यालाच त्या काळच्या ग्रंथांनी भिंत मानले, आणि भिंतीपलीकडे काही जात नाही असे एकदा ठरल्यावर व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलाच्या दोषाचे मूळ बीजात, म्हणजे आईबापांच्या आनुवंशिकतेत, शोधणे क्रमप्राप्त झाले. १९४१ ते १९६२ या दोन दशकांत ही समजूत कोसळली. सिडनी, हॅम्बुर्ग आणि जपानमधील मिनामाता ही त्या पडझडीची तीन प्रमुख ठिकाणे होत. या तिन्ही ठिकाणी निर्णायक माहिती सर्वांत आधी त्या मुलांच्या आयांपाशी होती, आणि शास्त्राने तिला पुरावा म्हणून स्वीकारण्यास घेतलेला अवधी हाच या इतिहासाचा खरा विषय आहे.

ही समजूत केवळ अज्ञानातून आलेली नव्हती. एका जुन्या भ्रमाचे निराकरण करताना शास्त्र दुसऱ्या टोकाला गेले होते. गरोदर स्त्रीने काही भयंकर पाहिले, ती दचकली किंवा तिला एखाद्या वस्तूचा ध्यास लागला, तर त्याची खूण गर्भावर उमटते, असे युरोपात शतकानुशतके मानले जाई. फ्रेंच शल्यविशारद आंब्रवाझ पारे यांनी १५७३ मध्ये व्यंगांची कारणे मांडली तेव्हा त्यांत आईच्या कल्पनाशक्तीलाही जागा दिली होती. महाराष्ट्रातही ग्रहणकाळात गर्भवतीने काही चिरू अथवा कापू नये, नाहीतर मुलाचा ओठ किंवा कान फाटका निघतो, ही समजूत आजवर टिकून आहे. एकोणिसाव्या शतकात एत्येन जोफ्र्वा सेंत-इलेर यांनी कोंबडीची अंडी उबवताना त्यांच्या परिस्थितीत मुद्दाम बदल करून विकृत पिले निर्माण केली, आणि त्यांचे पुत्र इझिदोर यांनी १८३० च्या दशकात या अभ्यासशाखेला टेरॅटॉलॉजी हे नाव दिले. त्यामुळे बाह्य कारणांचा विचार शास्त्राला अगदीच अनोळखी होता असे नाही. परंतु अंडे निराळे आणि गर्भाशय निराळे, असे म्हणून तो विचार सस्तन प्राण्यांपर्यंत नेला गेला नाही. १९०० मध्ये मेंडेलचे नियम नव्याने उजेडात आल्यावर तर आनुवंशिकतेचे पारडे इतके जड झाले की आईच्या बाबतीत काय घडले हा प्रश्नच मागासलेला वाटू लागला. यातील विसंगती अशी की उपदंशासारखा रोग आईकडून गर्भाला होतो हे वैद्यांना चांगले ठाऊक होते, आणि १९२९ मध्ये मर्फी व गोल्डस्टाइन यांनी गरोदरपणी ओटीपोटावर क्ष-किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांच्या मुलांत डोके लहान राहण्याचा दोष नोंदवला होता. भिंतीला भगदाडे होती, पण प्रत्येक भगदाड अपवादात जमा केले जात होते.

टेक्सासमधील फ्रेड हेल या पशुसंशोधकाने १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच अपवादांत जमा झाला. अ जीवनसत्त्व नसलेल्या खाद्यावर ठेवलेल्या एका डुकरिणीला ११ पिले झाली आणि त्यांतील एकालाही नेत्रगोल नव्हते. हा दोष बीजातला असणार, हा आक्षेप येणार हे ओळखून हेल यांनी या अंध पिलांचीच पुढची वीण योग्य खाद्यावर वाढवली, तेव्हा ती डोळस निघाली. सिनसिनाटीतील व्हिएन्नाहून आलेले बालरोगतज्ज्ञ जोसेफ वारकानी यांनी १९४० च्या सुमारास उंदरांच्या माद्यांच्या आहारातील त्रुटींमुळे पिलांच्या हाडांच्या घडणीत ठरावीक दोष येतात हे दाखवले. दोन्ही प्रयोग निर्विवाद होते, पण ते प्राण्यांवरचे, आणि तेही उपासमारीचे. पोटभर जेवणाऱ्या मानवी मातेशी त्यांचा संबंध जोडण्याची निकड कोणाला वाटली नाही.

सिडनीतील नेत्रवैद्य नॉर्मन मॅकॅलिस्टर ग्रेग यांच्याकडे १९४१ च्या आरंभी जन्मतःच मोतीबिंदू असलेली तान्ही मुले एकामागोमाग येऊ लागली. पहिल्या महायुद्धात शौर्यपदक मिळवलेले आणि तरुणपणी टेनिसपटू म्हणून नावाजलेले ग्रेग तोवर पन्नाशीला टेकले होते, आणि एरवी वर्षाकाठी क्वचित दिसणारा हा दोष इतक्या मुलांत एकाच वेळी का दिसावा, हे त्यांना उमगेना. बहुतेकांचे दोन्ही डोळे बाधित होते, भिंगाचा अगदी बाहेरचा थर सोडून आतला सगळा भाग पांढरा पडलेला होता. ज्या अर्थी भिंगाचा गाभाच बिघडला होता, त्या अर्थी बिघाड भिंगाची जडणघडण सुरू असताना, म्हणजे गरोदरपणाच्या फार सुरुवातीला झालेला असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. शिवाय ही मुले वजनाने कमी होती, त्यांना दूध पाजणे कठीण जाई, आणि अनेकांच्या हृदयातही जन्मजात दोष होता. दूरदूरच्या, परस्परांशी नाते नसलेल्या कुटुंबांत एकाच हंगामात उद्भवलेला दोष वंशपरंपरेचा कसा असेल?

ग्रेग यांनी मुलांच्या जन्मतारखांवरून मागे मोजत जाऊन गरोदरपणाचे पहिले महिने काढले, तेव्हा ते १९४० च्या मध्यावर आले, आणि नेमका तोच ऑस्ट्रेलियातील जर्मन गोवराच्या मोठ्या साथीचा ऐन भर होता. जर्मन गोवर, म्हणजे आज ज्याला रुबेला म्हणतात तो विकार, अंगावर बारीक पुरळ, थोडा ताप, मानेमागच्या गाठींना सूज इतक्यावर दोन-तीन दिवसांत आटोपतो. बालपणातील निरुपद्रवी आजार म्हणून वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत त्याला जेमतेम जागा असे. परंतु युद्धासाठी दुर्गम गावांतून आलेले, लहानपणी हा आजार न झालेले तरुण लष्करी छावण्यांत एकत्र कोंडले गेले आणि रजेवर घरी जाताना त्यांनी तो तरुण बायकांपर्यंत पोहोचवला, असे या साथीचे स्पष्टीकरण दिले जाते. ग्रेग यांच्या प्रतीक्षाकक्षात बसलेल्या दोन आया आपल्याला गरोदरपणी झालेल्या जर्मन गोवराविषयी बोलत होत्या आणि ते त्यांच्या कानी पडले, ही हकीकत नेहमी सांगितली जाते. ती शब्दशः खरी असो वा नसो, त्यानंतर त्यांनी प्रत्येक आईला तोच प्रश्न विचारायला सुरुवात केली हे त्यांच्या निबंधावरून दिसते. स्वतःची व सहकाऱ्यांकडून मिळालेली मिळून ७८ मुले त्यांनी जमवली, आणि त्यांपैकी ६८ मुलांच्या आयांनी गरोदरपणी, बहुधा पहिल्या दोन महिन्यांत, हा आजार झाल्याचे सांगितले. १५ ऑक्टोबर १९४१ रोजी मेलबर्न येथे नेत्रवैद्यांच्या सभेत ग्रेग यांनी हा निबंध वाचला.

ऑस्ट्रेलियात चार्ल्स स्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ पासून या निरीक्षणाला दुजोरा दिला आणि मोतीबिंदू व हृदयदोष यांच्या जोडीला बहिरेपणाही असतो हे दाखवून दिले. बाहेर मात्र थंड स्वागत झाले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९४४ मध्ये असा अभिप्राय दिला की शक्यता नाकारता येत नसली तरी ग्रेग यांनी आपले म्हणणे सिद्ध केले असे मानता येणार नाही. हा अभिप्राय आज हास्यास्पद ठरवणे सोपे आहे, पण त्यामागचा तर्क पोकळ नव्हता. ग्रेग यांनी फक्त बाधित मुलांच्या आयांना विचारले होते; ज्या स्त्रियांना गरोदरपणी जर्मन गोवर होऊनही निरोगी मुले झाली त्या त्यांच्या दवाखान्यात येण्याचे कारणच नव्हते, आणि त्यामुळे धोका किती, याचे उत्तर या पद्धतीने मिळणार नव्हते. पुढे गरोदरपणीच नोंद करून प्रसूतीपर्यंत पाठपुरावा करणारे अभ्यास झाले, त्यांनी धोका आधी वाटला त्याहून बराच कमी दाखवला. आणि नंतर रक्तचाचणीने आजाराची खात्री करता येऊ लागल्यावर तो पुन्हा वर चढला, कारण रुबेला समजले गेलेले कित्येक पुरळ मुळात रुबेलाचे नव्हतेच. आज असे मानले जाते की गरोदरपणाच्या पहिल्या बारा आठवड्यांत लागण झाल्यास सुमारे ८५ टक्क्यांपर्यंत गर्भ बाधित होऊ शकतात आणि विसाव्या आठवड्यानंतर हा धोका बहुतांशी संपतो.

या वादाचा निकाल एका संख्याशास्त्रज्ञाने अनपेक्षित ठिकाणाहून लावला. ऑलिव्हर लँकेस्टर यांनी १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जुन्या जनगणना तपासल्या, तेव्हा १९११ च्या जनगणनेत दहा ते चौदा वर्षे वयोगटात बहिऱ्या-मुक्यांची संख्या असाधारण मोठी आढळली, आणि १९२१ मध्ये तोच फुगवटा वीस ते चोवीस वर्षांच्या गटात सरकलेला दिसला. मूकबधिरांच्या संस्थांतील दाखल्यांवरून या लोकांचा जन्म १८९९ च्या आसपासचा ठरला, आणि त्याआधी लगेच जर्मन गोवराची साथ येऊन गेल्याची नोंद होती. सरकारी छापील तक्त्यांत चाळीस वर्षे पडून असलेल्या या आकड्यांना कोणत्याही आईची आठवण लागत नव्हती, डॉक्टरचा कल लागत नव्हता; आणि म्हणूनच ज्यांना आयांच्या सांगण्यावर विसंबायचे नव्हते त्यांनाही ते खोडता आले नाहीत. विषाणू शरीराबाहेर वाढवून वेगळा काढणे तर १९६२ मध्ये, बोस्टन आणि वॉशिंग्टन येथील दोन गटांना, साधले. तो वारेच्या पेशींतच आधी बस्तान बसवतो, तेथून गर्भाच्या रक्तवाहिन्यांत उतरतो आणि वाढत्या अवयवांतील पेशींचे विभाजन मंद करतो. जे अवयव त्या वेळी घडत असतात त्यांना पेशींची ही तूट नंतर भरून काढता येत नाही.

रुबेलाने भिंत फोडली ती एका सजीव विषाणूने. रासायनिक पदार्थांच्या, विशेषतः औषधांच्या बाबतीत ती अभेद्यच आहे असे मानणे यानंतरही चालू राहिले, आणि पश्चिम जर्मनीत स्टोलबर्ग येथील ग्रुनेंटाल कंपनीने १ ऑक्टोबर १९५७ रोजी थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध काँटरगान या नावाने बाजारात आणले ते याच वातावरणात. उंदरांना कितीही मोठी मात्रा दिली तरी ते मरत नव्हते, यावरून औषध पूर्ण निर्धोक असल्याची जाहिरात करण्यात आली, ते चिठ्ठीशिवाय मिळत असे, आणि गरोदर स्त्रियांच्या मळमळीवरही ते दिले गेले. ते बाजारात येण्याच्या नऊ महिने आधी, २५ डिसेंबर १९५६ रोजी, स्टोलबर्गमध्येच कंपनीच्या एका कर्मचाऱ्याच्या घरी कान नसलेले मूल जन्मले होते. त्याने नमुन्याच्या गोळ्या गरोदर पत्नीसाठी घरी नेल्या होत्या. त्या घटनेचा औषधाशी संबंध त्या वेळी कोणी जोडला नाही.

१९६० पासून जर्मन प्रसूतिगृहांत हात किंवा पाय जवळजवळ नसलेली, पंजे थेट खांद्यातून फुटल्यासारखी दिसणारी मुले वाढत्या संख्येने जन्मू लागली. हा दोष पूर्वी इतका दुर्मीळ होता की अनेक वैद्यांनी उभ्या आयुष्यात एकही रुग्ण पाहिलेला नसे. तरीही वर्षभर याची एकत्रित गणना झाली नाही. नाझी राजवटीत व्यंगांच्या सक्तीच्या नोंदींचा उपयोग माणसे मारण्यासाठी झाला होता, त्यामुळे युद्धोत्तर जर्मनीत अशा नोंदींविषयी तिटकारा होता, हे त्याचे एक कारण दिले जाते. हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेंत्स यांच्याकडे जून १९६१ मध्ये मेंडेन गावचा एक वकील आला, ज्याचा मुलगा आणि ज्याच्या बहिणीची मुलगी काही आठवड्यांच्या अंतराने सारखेच व्यंग घेऊन जन्मले होते आणि ज्याला हा घराण्याचा दोष असल्याचे सर्वांनी सांगितले होते. लेंत्स हे स्वतः आनुवंशिकतेचे अभ्यासक होते, आणि त्यांचे वडील फ्रिट्झ लेंत्स हे जर्मन वंशशुद्धीशास्त्राचे अग्रणी; वंशावर सारा दोष टाकणाऱ्या विद्येच्या घरात वाढलेल्या माणसाने याच प्रकरणात वंशाला निर्दोष ठरवावे, हा योगायोग इतिहासात वारंवार घडत नाही.

लेंत्स यांनी आयांना प्रश्नावल्या देऊन खाणे, आजार, क्ष-किरण, घरातील रसायने, औषधे अशी सगळी चौकशी केली. पहिल्या फेरीत सुमारे एक पंचमांश आयांनी काँटरगानचे नाव लिहिले होते. नोव्हेंबरमध्ये संशय पक्का झाल्यावर नेमके त्याच औषधाविषयी पुन्हा विचारले तेव्हा निम्म्या आयांनी ते घेतल्याचे सांगितले, आणि आधी का लिहिले नाही याचे उत्तर पुष्कळांनी असे दिले की इतक्या साध्या गोळीचा उल्लेख करावा असे त्यांना वाटलेच नाही. निर्धोकपणाच्या जाहिरातीने पुरावाही झाकला होता. लेंत्स यांनी १५ नोव्हेंबर १९६१ रोजी कंपनीला दूरध्वनीने इशारा दिला आणि तीन दिवसांनी ड्युसेलडोर्फच्या वैद्यकसभेत तो जाहीरपणे मांडला. कंपनीने तो अमान्य केला, पण २६ नोव्हेंबरच्या रविवारी ‘वेल्ट आम झोनटाग’ या वृत्तपत्रात बातमी येताच औषध मागे घ्यावे लागले. डिसेंबरमध्ये सिडनीच्या विल्यम मॅकब्राइड या प्रसूतितज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तोच संशय ‘लॅन्सेट’मधील एका छोट्या पत्रात नोंदवला. एव्हाना हे औषध ४६ देशांत पोहोचले होते आणि बाधित मुलांची संख्या दहा हजारांवर गेली, त्यांपैकी सुमारे ५,००० पश्चिम जर्मनीतील. अमेरिकेत ते विक्रीला आले नाही, कारण अन्न व औषध प्रशासनातील फ्रान्सिस केल्सी यांनी सप्टेंबर १९६० पासून तेथील विक्रीसाठी आलेल्या अर्जावर एकामागून एक शंका काढून परवाना अडवला. युद्धकाळात गाभण सशांवर क्विनाइनचे प्रयोग केलेले असल्याने औषध वार ओलांडते आणि गर्भाला ते पचवता येत नाही हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

या प्रकरणाने शास्त्राला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे दिनदर्शिका. आयांना गोळी नेमकी कधी घेतली हे आठवत होते, औषधाच्या चिठ्ठ्यांवर तारखा होत्या, आणि लेंत्स यांनी त्या जुळवून असे दाखवले की शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजता साधारण ३४ ते ५० या दिवसांतच थॅलिडोमाइड ही व्यंगे घडवते. त्यातही आधीच्या दिवसांत घेतलेली गोळी कान बिघडवते, त्यानंतरची हात आणि त्याहून नंतरची पाय. या अवधीत घेतलेली एक गोळीदेखील पुरे होई, आणि दोन महिन्यांनंतर नियमित गोळ्या घेतलेल्या स्त्रियांची मुले अव्यंग जन्मत. गर्भाचे अवयव तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात आकार घेतात, आणि ज्या दिवसांत जो अवयव घडतो त्याच दिवसांत तो सर्वांत नाजूक असतो. अनेक स्त्रियांना त्या वेळी आपण गरोदर आहोत हेही नीट कळलेले नसते. टेरॅटोजेन, म्हणजे गर्भाच्या जडणघडणीत बिघाड करणारा घटक, याची घातकता त्यामुळे तीन गोष्टींवर ठरते : पदार्थ कोणता, मात्रा किती आणि दिवस कोणता. चौथी गोष्ट प्राण्यांच्या प्रयोगांनी शिकवली. ज्या उंदरांच्या भरवशावर औषध विकले गेले त्यांच्या पिलांना मोठ्या मात्रेनेही काही होत नव्हते, तर न्यूझीलंड जातीच्या सशांत १९६२ मध्ये मानवासारखीच व्यंगे दिसली. याचा उलगडा व्हायला अर्धे शतक गेले. थॅलिडोमाइड सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटते, हे २०१० मध्ये टोकियोत सिद्ध झाले, आणि उंदरांचे सेरेब्लॉन थोडे निराळे असल्याने ते बचावतात हे त्यानंतर कळले.

मॅकब्राइड यांचा पुढचा इतिहासही येथे नोंदवला पाहिजे, कारण आयांच्या सांगण्याला पुरावा मानण्याची दुसरी बाजू त्यात दिसते. थॅलिडोमाइडने कीर्ती मिळालेल्या या वैद्याने नंतर इतर औषधांवरही तसेच आरोप केले आणि हायोसिन या औषधाच्या सशांवरील प्रयोगाचे आकडे बदलल्याबद्दल १९९३ मध्ये त्यांची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. संशय येणे आणि तो मोजून पाहणे या दोन पायऱ्या आहेत, आणि पहिलीवर एकदा यश मिळाले म्हणून दुसरी गाळता येत नाही.

जपानच्या क्युशू बेटावरील मिनामाता या गावी घडलेले प्रकरण थॅलिडोमाइडच्याच काळातले, पण त्याची चाल फार संथ आणि म्हणून अधिक क्रूर आहे. चिस्सो कंपनीचा कारखाना १९३२ पासून अॅसिटाल्डिहाइड हे रसायन बनवत असे, त्यासाठी पारा वापरला जाई, आणि त्या प्रक्रियेत पाऱ्याचा काही भाग मिथिल पारा या सेंद्रिय रूपात सांडपाण्याबरोबर उपसागरात जाई. तेथून तो शिंपल्यांत व माशांत साठत गेला. मांजरे झोके खात समुद्रात पडून मरू लागली, कोळी कुटुंबांतील माणसांचे हातपाय बधिर होऊ लागले, बोलणे अडखळू लागले, नजर अरुंद होऊ लागली. १ मे १९५६ रोजी कंपनीच्याच इस्पितळाचे प्रमुख हाजिमे होसोकावा यांनी अज्ञात मेंदूविकाराची वर्दी आरोग्य केंद्राला दिली. जुलै १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाने सेंद्रिय पाऱ्यावर बोट ठेवले, आणि त्याच वर्षी होसोकावा यांना कारखान्याचे सांडपाणी मिसळलेले अन्न दिलेल्या मांजरात तीच लक्षणे दिसली, पण कंपनीने तो निष्कर्ष दडपून ठेवला.

याच खेड्यांत १९५५ नंतर जन्मलेली काही मुले मान धरत नव्हती, त्यांना गिळता येत नव्हते, त्यांचे हातपाय ताठलेले होते, आणि त्यांची नोंद मेंदूच्या पक्षाघाताचे रुग्ण अशी केली जाई. मिनामाता विकार मासे खाल्ल्याने होतो, या मुलांनी मासे खाल्लेले नाहीत, सबब हा तो विकार नव्हे, असे तर्कशास्त्र त्यामागे होते. कुमामोतोचे तरुण वैद्य मासाझुमी हाराडा १९६१ मध्ये तेथे गेले असता एका घराच्या ओसरीवर त्यांना सारखीच लक्षणे असलेले दोन भाऊ दिसले, आणि थोरल्याला मिनामाता विकार व धाकट्याला दुसरेच काही, असे त्यांच्या आईने सांगितले. मात्र ते डॉक्टरांचे म्हणणे होते, तिचे नव्हते. तिचे म्हणणे असे की धाकटा पोटात असताना मासे तिने खाल्ले होते, आणि तेच विष त्याच्यात गेले. वार विष अडवते हे शिकून आलेल्या हाराडांनी पुढे आयुष्यभर या बाईचे ऋण मान्य केले. तिच्यासारख्या आयांची स्वतःची लक्षणे बहुधा सौम्य, थोडीशी बधिरता इतकीच असत. काही घरांत तर असे मानले जाई की लेकराने आईच्या अंगातले सगळे विष ओढून घेतले म्हणून ती आणि तिची पुढची मुले वाचली, आणि त्या लेकराला घरचे धन मानून जपले जाई.

शास्त्राने मागितलेला पुरावा मृत्यूनंतरच मिळू शकला. १९६१ आणि १९६२ मध्ये अशा दोन मुलांच्या शवविच्छेदनांत मेंदूची हानी पाऱ्याच्या विषबाधेशी जुळली, आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये १६ मुलांना जन्मजात मिनामाता विकाराचे रुग्ण म्हणून मान्यता देण्यात आली. ती आई जे सांगत होती ते शास्त्रीय दृष्ट्याही अचूक निघाले. मिथिल पारा शरीरातील एका अमिनो आम्लाशी जोडला गेला की तो मेथिओनिन या दुसऱ्या, आवश्यक अमिनो आम्लासारखा भासतो, आणि गर्भाला पोषण पोहोचवणारी वारेतील यंत्रणा त्याला पोषण समजून पलीकडे नेते. बाळाच्या रक्तातील त्याचे प्रमाण आईच्या रक्तातील प्रमाणाहून अधिक भरते. भिंत मानलेला अवयव येथे विष स्वतःच वाहून नेत होता. हाराडांनी पुढे आणखी एक पुरावा गोळा केला. जपानात बाळाची वाळलेली नाळ जन्मतारखेसह लाकडी डबीत जपून ठेवण्याची रीत आहे, आणि घरोघरी मागून आणलेल्या या नाळांतील मिथिल पाऱ्याचे मापन केल्यावर त्याचे प्रमाण कारखान्याच्या अॅसिटाल्डिहाइड उत्पादनाबरोबर वर चढलेले दिसले. कारखान्याने आपली कागदपत्रे कितीही जपली असती तरी हा हिशेब त्याच्या ताब्यात नव्हता.

१९६२ च्या मान्यतेनंतरही सांडपाणी थांबले नाही. अॅसिटाल्डिहाइडचे उत्पादन मे १९६८ मध्ये बंद झाले आणि पाऱ्याचा संबंध जपान सरकारने सप्टेंबरमध्ये अधिकृतपणे मान्य केला. तोवर, १९६५ मध्ये, निइगाता येथे दुसऱ्या एका कारखान्यामुळे अगानो नदीकाठी हाच विकार उद्भवला होता. तेथे मिनामाताचा धडा एका वेगळ्याच रीतीने गिरवला गेला. स्त्रियांच्या केसांतील पाऱ्याचे प्रमाण मोजून, दहा लाखांत ५० भागांहून अधिक पारा आढळलेल्यांना गर्भधारणा टाळण्याचा सल्ला देण्यात आला, आणि अधिकृत नोंदीत तेथे जन्मजात विकाराचा एकच रुग्ण आहे. हा आकडा यश म्हणून मांडला जातो. त्यात न जन्मलेल्या मुलांचा हिशेब नाही, आणि नदीत पारा सोडणाऱ्यांऐवजी नदीकाठच्या बायकांनी आपले आयुष्य बदलावे हे त्यात गृहीत धरलेले आहे.

थॅलिडोमाइडचे उत्तर कायद्याने दिले : अमेरिकेत १९६२ मध्ये औषधाची परिणामकारकता सिद्ध करणे सक्तीचे झाले, आणि नव्या औषधांची एकाहून अधिक जातींच्या प्राण्यांच्या गर्भांवर तपासणी करण्याची पद्धत रूढ झाली. रुबेलाचे उत्तर लशीने द्यायचे होते, पण ती हाती येण्यापूर्वी १९६४-६५ च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे २०,००० मुले जन्मजात रुबेला घेऊन जन्मली. पहिली लस १९६९ मध्ये आली. ग्रेग त्याआधी तीन वर्षे निवर्तले होते. ब्रिटनने १९७० मध्ये ती फक्त शाळकरी मुलींना देण्याचे ठरवले, कारण गरोदर मुलीच होणार, हा विचार वरवर बिनतोड होता; परंतु लहान मुलांत विषाणू फिरतच राहिला आणि लस न लाभलेल्या स्त्रियांना घरातल्या मुलांकडून लागण होत राहिली, तेव्हा १९८८ पासून मुलगे व मुली दोघांनाही बालवयातच लस देणे सुरू झाले. भारतात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली, पहिल्या टप्प्यातील राज्यांत गोवा होते, आणि महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ च्या अखेरीस शाळाशाळांतून राबवली गेली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलामुलींना सरसकट टोचलेल्या या लशीतील रुबेलाचा भाग, टोचून घेणाऱ्या मुलाच्या दृष्टीने, दोन-तीन दिवसांच्या पुरळापलीकडे फारसे काही टाळत नाही. त्याचा लाभ होतो तो त्याच्या वर्गातील गरोदर शिक्षिकेला, शेजारच्या वहिनीला किंवा त्याच्या स्वतःच्या आईच्या पोटातील भावंडाला.